बाबांच्या खुर्चीविषयी, आई-बाबांना

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला असता तर बाबांनी मध्येच टायरांचे भाव विचारले असते, म्हणून लिहीत आहे. बाबा, येत्या बैठकीत तुम्हाला आपल्या शर्यतसंघाच्या व्यवस्थापकीय संचालकपदावरून निवृत्त करण्याचा ठराव येणार आहे आणि त्यावर मी सही केली आहे. भागीदारांच्या तोंडून कळण्याआधी हे तुम्हाला माझ्या अक्षरात कळावे, असे मला वाटले. आई, लगेच मोठ्या काकांना फोन लावू नकोस. आधी सगळे वाच.

शर्यतीच्या धंद्यात जुन्या माणसाला हलवणे किती धोक्याचे असते, हे मी भागीदारांना सही करण्यापूर्वीच सुनावले होते. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा मार्ग झाल्यापासून बाहेरून पैसा येऊ पाहतो आहे आणि पैसेवाल्यांना वाटते की नवा साहेब बसवला की काम झाले. बाबा, तुमचे लाडके बर्नी एकलस्टोन आठवा. चाळीसेक वर्षे फॉर्म्युला वन त्यांच्या शब्दावर चालले आणि नवी मालक झालेल्या लिबर्टी मीडिया कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांना मानद अध्यक्ष करून बाजूला बसवले. नव्या मालकांच्या हाती त्यांचे करार आले, पण ते करार ज्या सलोख्यावर टिकून होते तो आला नाही. शर्यत भरवण्याची दरवर्षी पाच टक्के वाढणारी फी परवडत नाही म्हणून इंग्लंडमधल्या सिल्वरस्टोन मार्गाच्या मंडळींनी त्याच वर्षी जुलैमध्ये करारातून बाहेर पडण्याचे कलम वापरले आणि नवा करार व्हायला २०१९ उजाडले.

मॅक्लारेन या फॉर्म्युला वन संघाचे तर तुम्हीच मला सांगत असा. १९८० पासून ती कंपनी उभी करणाऱ्या रॉन डेनिस यांना भागीदारांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये हटवले. ते न्यायालयातही गेले आणि हरले. पुढच्या हंगामात संघ नववा आला. इंजिनाचे दुखणे आधीचेच होते, हे मान्य. तरी संघाचे विजेतेपद परत मिळायला २०२४ पर्यंत थांबावे लागले. एवढी वर्षे थांबण्याची ऐपत आपल्या शेडची नाही.

मग सही का केली? कारण न हलवण्याचाही धोका असतो. रेड बुल संघात ख्रिश्चन हॉर्नर वीस वर्षे प्रमुख होते, चालकांची आठ विजेतेपदे त्यांच्या काळातली. परंतु जुलै २०२५ मध्ये त्यांना काढले त्याआधीच गाड्यांचे रचनाकार एड्रियन न्यूई आणि क्रीडा-संचालक जोनाथन व्हीटली संघ सोडून गेले होते. नंतर नव्या प्रमुखाच्या हाताखाली त्यांचे चालक व्हर्स्टॅपेन यांचे विजेतेपद अवघ्या दोन गुणांनी हुकले, म्हणजे संघ काही कोसळला नाही. आपल्या शेडमधले दोन चांगले मिस्त्री तुमच्या डोळ्यांदेखत गेले; कोणत्या शर्यतीला कोणते गिअर हे शेवटच्या रात्रीपर्यंत फक्त तुम्हालाच ठाऊक असते, हे त्यांनी जाताना मला सांगितले. आणि स्टेंट बसवल्यावरही चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई मार्गावरच्या उन्हात तुम्ही पिटच्या भिंतीशी उभे राहिलात, तेव्हा मी गाडीकडे पाहत नव्हते, बाबा, तुमच्याकडे पाहत होते.

मी घातलेल्या अटी मात्र लिबर्टीकडूनच शिकलेल्या आहेत. त्याच कंपनीने २०२५ मध्ये मोटोजीपी ही मोटारसायकल शर्यतींची मालिका विकत घेतली, तेव्हा तिचे प्रमुख कार्मेलो एझपेलेता यांना वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी पदावर राहू दिले. म्हणून निवृत्तीची घोषणा तुमच्या तोंडून होईल आणि वर्षभर फेडरेशन, स्पॉन्सर आणि टायरवाल्यांकडे तुम्ही नव्या माणसाला स्वतः घेऊन जाल. तुम्ही तोंडी दिलेले शब्द, म्हणजे कोणाची फी माफ केली, कोणाला पुढच्या हंगामाची गाडी कबूल केली, हे सगळे त्याआधी कागदावर उतरेल. या अटी मोडल्या तर माझी सही मागे घेतली जाईल, असे लेखी आहे.

घरात काही बदलणार नाही. पगाराची रक्कम मानधन म्हणून चालू राहील, विमा दोघांचाही राहील, गाडी आणि चालक राहतील, शेडमधली खोली आणि कूलर तुमचाच. आई, तुझ्या गुरुवारच्या रामबागेतल्या भजनाला तीच गाडी येईल. मोठ्या काकांच्या वेळी जे झाले ते पुन्हा होऊ देणार नाही, एवढा माझ्यावर विश्वास ठेवा.

नाशिकच्या रॅलीला जाताना जिप्सीच्या मागच्या सीटवर तुमच्या तेलकट ओव्हरऑलवर डोके ठेवून मी झोपत असे. अजूनही पेट्रोलचा वास आला की मला झोप येते, आणि यावर इथली पोरे हसतात. तुम्ही मला इंजिन ऐकायला शिकवले, बाबा. तुमच्या जागी दुसऱ्या कोणाला बसवायचे हे लिहिताना हात जड झाला, पण ते दुसऱ्या कोणी लिहिणे मला सहन झाले नसते.

आता ऐका. रक्तदाबाची गोळी नाश्त्याआधी घ्यायची, पोहे-जिलबीनंतर नव्हे. सराफ्यातले तळलेले गराडू पूर्ण बंद. आई, हे पत्र वाचल्यावर त्यांना एकट्याला शेडकडे जाऊ देऊ नकोस, आणि ते दोन दिवस बोलले नाहीत तर बोलण्याचा आग्रहही करू नकोस. बाबा, रागवायचे असेल तर मला फोन करून रागवा, बैठकीत नको. येताना ती निळी वही आणा, जिच्यात सगळ्या मार्गांची गिअरिंग लिहिलेली आहे, आणि गाडी तुम्ही चालवायची नाही. चालकाला मी सांगून ठेवले आहे.

तुमची,
धाकटी