ताई, तुम्ही ‘नाही’ म्हणालात त्याबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

दरड कोसळून पूल वाहून गेला, त्याच्या तिसऱ्या दिवशी सॅटेलाइट फोनवर आपलं पहिलं बोलणं झालं. तुम्ही मदतसामानाच्या गोदामात, मी पुलापलीकडच्या आरोग्य केंद्रात. मी म्हणालो, “जे असेल ते पाठवा.” तुम्ही म्हणालात, “नाही डॉक्टर, जे असेल ते पाठवणार नाही. माणसं किती आहेत ते आधी सांगा.”

फोनची बॅटरी संपत आलेली, व्हरांड्यात जखमी झोपवलेले, आणि तुमचे प्रश्न काही थांबत नव्हते. दिवस भरत आलेल्या बायका किती? फ्रिज बंद पडून किती तास झाले? पाणी कुठून भरता? तुटलेल्या पुलापासून तुमच्यापर्यंत चालत किती वेळ लागतो, आणि तो मोकळ्या हाताने की ओझं घेऊन? ओझं उचलणारी माणसं किती मिळतील? रात्री थंडी कितपत पडते?

थंडीचा प्रश्न आला तेव्हा मी चिडलो होतो. माझ्या आवाजात ते तुम्हाला नक्कीच जाणवलं असेल. तुम्ही मात्र तितक्याच शांतपणे तो पुन्हा विचारलात.

हे पत्र त्या प्रश्नांबद्दल आहे. चारचौघांत लिहितोय, कारण त्या दोन महिन्यांत आमच्या आरोग्य केंद्रात जे जीव वाचले त्याबद्दल लोकांनी माझं कौतुक केलं, फोटोही माझेच छापून आले. तुमचं नाव कुठेच नव्हतं. वाट मोकळी झाल्यावर मी मुद्दाम तुमच्या गोदामापर्यंत आलो, तर तुम्ही दुसऱ्या एका पुराच्या ठिकाणी निघून गेला होता. आपली भेट अजून झालेली नाही.

मी तुम्हाला आकडा सांगितला, 2,600 माणसं. तुम्ही फोनवरच हिशेब मांडलात. आपत्तीत नेमकी नोंद हाताशी नसेल तर वर्षाला शेकडा 4 जन्म धरतात, म्हणजे 104. तीन महिन्यांत 26. त्यातली 15 टक्के बाळंतपणं अडचणीची निघू शकतात, म्हणजे चार. “चार बायकांना मोठ्या इलाजाची गरज पडेल असं धरून चालते,” म्हणालात. आमच्या नर्सबाईंनी नंतर नोंदवही काढली. पुढच्या तीन महिन्यांत दिवस भरणाऱ्या बायका 23 होत्या. त्या गावांना कधी न पाहिलेलं माणूस गोदामात बसून तिथल्या बाळंतपणांच्या इतकं जवळ पोहोचतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

जागतिक आरोग्य संघटनेचा आपत्तीसाठीचा औषधसंच मला ऐकून माहीत होता. 10,000 लोकांना साधारण 3 महिने पुरेल असा तो बांधलेला असतो आणि पूर्ण संचाचं वजन टनाच्या आसपास भरतं. मला तोच हवा होता. तुम्ही तो पाठवला नाहीत. त्यातले मूळ संच प्रत्येकी 1,000 लोकांसाठी असतात, त्यातले तीन पाठवलेत. डॉक्टर किंवा प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी असेल तरच वापरायचा जो पूरक भाग, त्यातून आमच्याकडे खरोखर लागेल तेवढंच वेगळं काढलंत. “टनभर सामान तुटलेल्या पुलापाशी येऊन पडेल. तिथून पुढे ते कोण नेणार?” हा तुमचा प्रश्न होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओझं उचलायला धडधाकट माणसं मिळाली ती 19.

मग त्या 19 जणांच्या पाठीच्या हिशेबाने तुम्ही सामान बांधलंत. एक गाठोडं 20 किलोचं. डबा चौकोनी, कडा गुळगुळीत, पट्टा रुंद, म्हणजे चढावर खांदा कापला जाऊ नये. औषधांच्या डब्यांवर हिरवी पट्टी, कपडे आणि घरगुती सामानावर निळी, अन्नावर लाल. मदतकार्यातली ही खूण जुनी आणि सगळीकडे चालणारी आहे. अंधारात, पावसात, अक्षर न वाचता येणाऱ्यालाही कोणता डबा आधी केंद्रात न्यायचा ते कळावं, एवढाच तिचा हेतू. आमच्या माणसांना ती अर्ध्या मिनिटात समजली.

गाठोडी कशी भरली होती हे मात्र मला खूप उशिरा लक्षात आलं. तिसऱ्या ओढ्याला एकाचा पाय घसरला आणि त्याचं गाठोडं वाहून गेलं. माणूस वाचला. मी धावत यादी काढली, कारण मला वाटलं एक अख्खं औषध गेलं. काहीच पूर्ण गेलं नव्हतं. जलसंजीवनीची पाकिटं आठ गाठोड्यांत विभागलेली होती, प्रतिजैविकं सहा, ड्रेसिंगचं सामान जवळपास सगळ्यांत. म्हणजे गोदामात डबे भरत असतानाच तुम्ही तो ओढा ओलांडून पाहिला होतात. त्या रात्री मी यादी हातात घेऊन बराच वेळ नुसता बसून होतो, ताई.

क्लोरीनची पावडर तुम्ही औषधांपासून पूर्ण तोडून, वेगळ्या माणसाकडे, सगळ्यांच्या मागे चालायला दिलीत. तिच्या वाफेने धातू गंजतो, पाकिटं खराब होतात, आणि ती ज्वलनशील वस्तूंजवळ ठेवणं धोक्याचं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. स्वतः सामान बांधलं असतं तर घाईत ते मला आठवलं असतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आता थंडीबद्दल.

जखमींसाठी धनुर्वात आणि घटसर्पाची लस हवी होती, शाळेत दाटीवाटीने राहणाऱ्या मुलांसाठी गोवराची, आणि बाळंतिणींच्या रक्तस्रावासाठी ऑक्सिटोसिन. तिन्ही 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवायची. माझा सगळा जीव उष्णतेत अडकला होता. बर्फ वितळला तर काय, एवढंच मी विचारत होतो. तुम्ही उलट्या बाजूने विचार करत होतात. गोवराची लस गोठली तरी बिघडत नाही, धनुर्वाताची मात्र एकदा गोठली की कायमची जाते, कारण तिच्यातला अॅल्युमिनियमचा क्षार गुठळ्या होऊन खाली बसतो. वरून कुपी तशीच दिसते. आपण टोचत राहतो आणि संरक्षणाचा भरवसा काहीच नसतो. आमच्याकडे खिंडीत रात्री पाणी गोठतं, म्हणून तो प्रश्न तुम्ही दोनदा विचारला होतात.

तुमच्या सहकाऱ्यांनी नंतर सांगितलं की फ्रीझरमधून काढलेले आइस पॅक तुम्ही लगेच लसीच्या डब्यात ठेवू दिले नाहीत. हलवल्यावर आत पाणी खळखळलेलं ऐकू येईपर्यंत ते टेबलावर ठेवले आणि मगच डबा भरला. ट्रक इंजिन चालू करून उभा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि तुम्ही एकेक पॅक कानाशी धरून हलवत होतात. त्या डब्यावर चिठ्ठी होती: “रात्री हा डबा बाहेर ठेवू नका. तुम्ही जिथे झोपाल तिथेच, अंथरुणाशेजारी.”

आमचा जो माणूस तो डबा घेऊन 11 तास चालला त्याला तुम्ही पुलापाशी वायरलेसवर कुपीवरची खूण वाचायला शिकवलीत. गोलाच्या आतला चौकोन उष्णतेने गडद होत जातो. तो बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की लस फेकायची. पोलिओच्या कुप्यांवर ही खूण 1996 पासून आली आणि नंतर इतर लसींवर. तो केंद्राच्या दारात आला, पाणीसुद्धा न मागता म्हणाला, “डॉक्टर, चौकोन अजून पांढराच आहे.” त्याच्या आवाजातला अभिमान मी विसरणार नाही. लस वाहून नेणारा हमाल म्हणून तो निघाला होता, पोहोचला तेव्हा लस जपणारा झाला होता. त्या खुणेवरून गोठणं कळत नाही म्हणून मी एक कुपी हलवूनही पाहिली. गुठळ्या नव्हत्या, द्रव एकसारखा गढूळ होता.

याच दिवसांत आमच्याकडे दुसरीही मदत आली. हेलिकॉप्टरने, न मागता. पाठवणाऱ्या संस्थेचं नाव घेत नाही, त्यांच्या मनात दयाच होती. 40 खोकी. अर्धवट वापरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, वाचता न येणाऱ्या भाषेतली लेबलं, पुढच्याच महिन्यात मुदत संपणारी सलाइन, झोपेच्या गोळ्या, वजन कमी करण्याच्या गोळ्या. मी आणि नर्सबाई दोन रात्री ते निवडत बसलो. त्या दोन रात्री आम्ही रुग्णांपाशी असायला हवं होतं.

तेव्हा मला तुमच्या ‘नाही’चा अर्थ लागला. नंतर वाचलं की 1988 च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर जगभरातून किमान 5,000 टन औषधं आणि वैद्यकीय सामान आलं. ते नुसतं निवडायला 50 माणसांना 6 महिने लागले. वापरण्याजोग्या औषधांतलंही जेमतेम 30 टक्के सहज ओळखता आलं. अशा अनुभवांनंतर 1996 मध्ये औषधदानाचे आंतरराष्ट्रीय नियम आले: मागितलं असेल तेच पाठवा, पोहोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, औषधाचं मूळ नाव घेणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत हवं. तुमच्या प्रत्येक डब्यात हे पाळलेलं होतं. इतकं नीट पाळलं होतं की पाळलंय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

2010 मध्ये हैतीत भूकंपाने राजधानीचं बंदर मोडलं, विमानतळाला एकच धावपट्टी, आणि जगाची मदत आकाशात रांग लावून उभी राहिली. उलट नेपाळमध्ये काठमांडू विमानतळाशेजारी मदतसामान उतरवून पुढे पाठवण्यासाठी खास तळ बांधून मार्च 2015 मध्ये सुरू झाला होता. एप्रिलच्या 25 तारखेला भूकंप आला. पुढे डोंगरातल्या गावांपर्यंत ट्रेकिंगवर पोट असलेले भारवाहक आणि खेचरं चालली. मी हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुमच्या कामातलंच आहे. पण हे पत्र इतरही वाचतील. आपत्ती यायच्या महिनाभर आधी जमीन सपाट करून ठेवणाऱ्यांचे फोटो कुणी काढत नाही.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते.

पहिल्याच बोलण्यात तुमचा शेवटचा प्रश्न होता, “माणसं परत येताना काय आणतील?” मी म्हणालो, काही नाही, रिकामी येतील. तुम्ही म्हणालात, “19 माणसं 11 तास रिकामी कशाला चालतील?” आणि सामानात दोन घडीची स्ट्रेचर टाकलीत. मी मागितली नव्हती. माझ्या यादीत ती नव्हतीच.

सामान पोहोचलं त्या संध्याकाळी एका बाईला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण, बाळ आडवं. आमच्याकडे शस्त्रक्रियेची सोय नाही. पुलापर्यंत तिला नेणार कोण हा प्रश्न एरवी माझ्यापुढे उभा राहिला असता, पण उत्तर अंगणात पाय पसरून बसलेलं होतं. 11 तास चालून आलेल्या माणसांनी दोन तास विश्रांती घेतली आणि पहाटेपूर्वी तिला घेऊन निघाली. आठ जण आळीपाळीने खांदा देणारे, बाकीचे पुढे वाट साफ करणारे. नर्सबाई बरोबर गेल्या. तुम्ही वायरलेसवरून पुलापलीकडे गाडी उभी करून ठेवली होती, आणि रुग्णालयाला आधीच कळवलं होतं.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. तुम्ही धरलेल्या चारांतली ती पहिली होती. आणखी दोघी त्याच वाटेने, त्याच स्ट्रेचरवरून गेल्या. चौथी वेळ आली नाही.

गोदामातल्या तुमच्या सहकाऱ्यांकडे मी लस नेण्याचा डबा परत दिला आहे, धुऊन, कोरडा करून, चारही पॅक आत ठेवून. एका बाजूचा पट्टा तुटला होता, तो आमच्या माणसाने शिवलाय. जोड जरा जाड झालाय पण वजन घेतो, आम्ही 20 किलो टांगून पाहिलं. एक स्ट्रेचर मी ठेवून घेतलं आहे. तशी नोंद तुमच्या वहीत माझ्या सहीने केली आहे.

पुढच्या पावसाच्या आधी लागणाऱ्या सामानाची यादी सोबत जोडतोय. या वेळी माणसांची संख्या, गरोदर बायका, फ्रिजची जागा लिटरमध्ये, ओझं उचलणाऱ्यांची नावं आणि खिंडीतलं रात्रीचं तापमान, सगळं पहिल्याच पानावर लिहिलं आहे.

आपला,
पुलापलीकडच्या केंद्राचा डॉक्टर