तो मधला कॉलम पण वाचा

संपादक महोदय,

तुमच्या कॉम्प्युटरच्या पानावर मागे पॉवरशेलवर (कमांड टाइप करून कॉम्प्युटरकडून काम करून घ्यायचं साधन) लेख आला होता तो वाचला. बरं वाटलं, कारण इतर वेळी तिथे मोबाईल आणि ॲप सोडून काही नसतं. पण लेखात फाइल कॉपी करा, फोल्डर बनवा, नाव बदला एवढंच होतं, आणि तेवढ्यासाठी जुना काळा कमांड प्रॉम्प्ट काय वाईट होता सांगा! खरी गंमत आहे ती गेट-पीएसप्रोव्हायडर या एका कमांडमध्ये, आणि तिचं नावही लेखात नाही म्हणून हे पत्र.

ही कमांड एंटर केली की एक छोटी यादी येते. फाइलसिस्टिम, रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्राम्सच्या सेटिंग्जचा साठा), एन्व्हायर्नमेंट, अलियास (कमांडची टोपणनावं), फंक्शन, व्हेरिएबल. म्हणजे पॉवरशेल कुठकुठल्या डेटाच्या साठ्यात ड्राइव्हसारखं शिरू शकतं त्याची ही यादी, आणि तिथे शिरायची सोय करून देणारा भाग म्हणजे प्रोव्हायडर. आपल्याला सी आणि डी ड्राइव्हची सवय, पण इथे एचकेएलएम (रजिस्ट्रीतला अख्ख्या कॉम्प्युटरच्या सेटिंग्जचा भाग) कोलन लिहून सीडी (जागा बदलायची कमांड) केलं की तुम्ही थेट रजिस्ट्रीत, एन्व्ह कोलन लिहून डीआयआर (यादी दाखवायची कमांड) केलं की पाथ, टेम्प वगैरे सगळी व्हेरिएबल्स समोर. कमांड तीच, फक्त जागा बदलली. आमच्याकडे नवीन आलेल्या एका मुलीने विचारलं होतं की सर ही एचकेएलएम नावाची हार्डडिस्क कधी लावली, मी हसलो खरा पण प्रश्न अगदी बरोबर होता, कारण वागणं डिस्कसारखंच आहे ना त्याचं.

सर्टिफिकेटचा प्रोव्हायडर कधीकधी यादीत दिसत नाही, घाबरू नका, तो वेगळ्या मॉड्यूलमधून (वरून जोडायच्या कमांडच्या संचातून) येतो आणि ते लोड झालं की दिसतो. एसक्यूएल सर्व्हरचं किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं मॉड्यूल इम्पोर्ट केलं तर यादी अजून लांबते. आणि लिनक्सवर पॉवरशेल चालवत असाल (2016 पासून ते ओपन सोर्स आहे, तिथेही चालतं) तर रजिस्ट्री यादीत नसणारच, असणार कुठून! विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट तिथे का पडते याचं उत्तर बऱ्याचदा या यादीतच मिळतं.

आता मुख्य मुद्दा. यादीत तीन कॉलम असतात, नाव, कॅपॅबिलिटीज आणि ड्राइव्हज. सगळे नाव बघतात, ड्राइव्ह बघतात आणि मधला कॉलम सोडून देतात. मीही सोडला होता. मग रजिस्ट्रीत एका प्रोग्रामच्या कीज (तिथले फोल्डर म्हणा) शोधताना फाइलींना लावतो तसं मायनस फिल्टर (हवं तेवढंच दे असं सांगणारा पर्याय) लावलं, एरर आली, स्पेलिंग तपासलं, कोट बदलले, ॲडमिन म्हणून परत उघडलं, अर्धा दिवस गेला. एररमध्ये सरळ लिहिलं होतं की हा प्रोव्हायडर फिल्टर घेत नाही, पण लाल अक्षरं दिसली की आपण वाचतो कुठे. यादीत फाइलसिस्टिमच्या पुढे फिल्टर लिहिलेलं असतं, रजिस्ट्रीच्या पुढे नसतं, बस्स, एवढंच कारण. मग सगळं घेऊन व्हेअर-ऑब्जेक्टने गाळलं, दोन मिनिटांत काम झालं.

त्याच कॉलममध्ये शुडप्रोसेस असा शब्द दिसतो. तो असेल तर काही डिलीट करायच्या आधी मायनस व्हॉटइफ लावून बघता येतं, म्हणजे काय उडेल ते सांगतं पण उडवत नाही. रजिस्ट्रीत रिमूव्ह-आयटम मारताना हे केलंच पाहिजे, तिथे रीसायकल बिन वगैरे काही नसतं.

अजून एक, रजिस्ट्रीच्या पुढे एचकेएलएम आणि एचकेसीयू (चालू युजरच्या सेटिंग्ज) हे दोनच ड्राइव्ह असतात, म्हणून बाकीचा भाग बंद आहे असं नाही, न्यू-पीएसड्राइव्हने एचकेसीआरला (कुठली फाइल कशात उघडते वगैरे नोंदींचा भाग) स्वतःचा ड्राइव्ह देता येतो. आणि व्हॅल्यू, म्हणजे कीमधल्या प्रत्यक्ष नोंदी, डीआयआरमध्ये वेगळ्या आयटमसारख्या मिळत नाहीत, त्या कीच्या प्रॉपर्टी असतात, त्यासाठी गेट-आयटमप्रॉपर्टी. इथे फाइल-फोल्डरची उपमा जरा लंगडी पडते हे मान्य.

पुढचा लेख यावर द्या ही विनंती. आणि कमांड छापताना ती मधल्या रेघेवर तोडून खालच्या ओळीत नेऊ नका, मागच्या लेखात गेट एका ओळीत आणि चाइल्डआयटम दुसऱ्या ओळीत गेलं होतं, आमच्या त्याच मुलीने ते दोन वेगवेगळ्या कमांड समजून टाइप केलं.

आपला,
सिस्टिम्सचं काम बघणारा एक वाचक