जेल लावायला शिकवलंत, आता काढायलाही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण लागल्यापासून आपल्या महिला पुरवणीत नखांच्या जेल पॉलिशवर दोन लेख आले. मंगळागौरीला कुठला रंग घ्यावा, नऊवारीवर कुठला शोभतो, अंगठ्याच्या नखावर मोरपीस कसं काढावं, सगळं फोटोंसकट होतं. लेख मला आवडले, कापून पार्लरच्या भिंतीवर चिकटवलेही आहेत. पण हे जेल उतरवायचं कसं, याबद्दल दोन्ही लेखांत एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र.

मालवणात मी गेली चौदा वर्षं पार्लर चालवते. चतुर्थी आटोपून चाकरमानी परत गेले की पुढचे पंधरा दिवस माझ्याकडे नखं रंगवायला कोणी येत नाही. येतात त्या खराब झालेली नखं दाखवायला. कुणाच्या नखावर पांढरे चट्टे, कुणाचं नख टोकाला कागदासारखं वाकतंय, कुणाला गरम पाणी सोसत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. आमच्या शेजारची मुलगी मुंबईहून निघताना जेल लावून आली होती. प्रवासात अंगठ्याच्या कडेला ते थोडं सुटलं. चतुर्थीच्या आदल्या रात्री मखर सजवता सजवता तिने आठळीची साल सोलावी तसं ते सोलून काढलं. एक निघालं म्हणून दुसरं, असं करत दहाही बोटं झाली. सकाळी उकड मळायला बसली आणि परातीत हात घालताच कळवळून उठली. तिच्या आजीने हात हातात घेतला आणि विचारलं, "तुज्या नखांक काय झाला गो?" जेलच्या पापुद्र्याबरोबर नखाचाही पापुद्रा निघून आला होता, आणि हे तिला तोवर माहीतच नव्हतं. त्या वर्षी त्या घरात मोदक दुसऱ्यांनी वळले.

नख म्हणजे केराटिनचे थर एकावर एक घट्ट बसलेले असतात. त्याची सगळी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यातले वरचे थर ओरबाडले की खालच्या नाजूक मांसाला ऊन, थंड, साबण, आमसुलाचं पाणी, सगळंच लागतं. आणि गेलेला थर कुठल्याही तेलाने भरून येत नाही. मुळातून नवीन नख वाढून यावं लागतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे मे महिन्यात खरवडलेलं नख पूर्ण बदलेपर्यंत दिवाळी येते.

हा हिशेब मला एका नवरीने शिकवला. पार्लर सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. लग्नसराईतला मे महिना, बाहेर चार जणी खोळंबलेल्या, आणि ही मुलगी जुनं जेल काढून नवीन लावायला आलेली. दुसऱ्या दिवशी तिची हळद होती. जेल सोडवायचं द्रव, म्हणजे ॲसिटोन, लावून मी पाच-सात मिनिटंच थांबले आणि लोखंडी पुशरने, म्हणजे नखाची कातडी मागे सारायच्या पट्टीने, जेल खरवडून काढलं. ती म्हणाली, "ताई, दुखतंय." मी म्हटलं, होईल बरं. दिवाळीत ती माहेरी आली तेव्हा मुद्दाम मला भेटायला आली, रागाने नव्हे. तिची नखं त्याच सुमाराला कुठे धड झाली होती, आणि सहा महिने सासरी भांडी घासताना तिला काय झालं ते तिने मला सांगितलं. त्यानंतर मी लोखंडी पुशर जेल काढायला कधी वापरला नाही. पार्लरमध्ये होणारी चूक घरीही होते आणि कारण एकच असतं, थांबायची तयारी नसते.

हे थांबणं का लागतं ते एकदा समजलं की माणूस आपोआप थांबतो, असा माझा अनुभव आहे. साधं नेलपॉलिश वाळतं. त्यातलं द्रव उडून जातं आणि रंगाचा थर मागे राहतो. रिमूव्हर लागलं की तो थर पुन्हा पातळ होतो, म्हणून कापसाने एकदा पुसलं की निघतो. जेल वाळत नाही. दिव्याच्या अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात त्यातले सुटे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्यांचं जाळं बनतं. विरजलेल्या दह्याचं जसं पुन्हा दूध होत नाही, तसं हे जाळं पुन्हा पातळ होत नाही. ॲसिटोन त्याला फक्त फुगवतं. रात्री भिजत घातलेले कुळीथ फुगतात तसं ते हळूहळू फुगतं, सुरकुततं आणि नखावरची पकड सोडतं. याला दहा ते पंधरा मिनिटं लागतातच. जोर लावून ही मिनिटं वाचत नाहीत. आणि "ॲसिटोन फ्री" लिहिलेली गुलाबी बाटली साध्या पॉलिशला चांगली असली तरी जेलवर तिचं फारसं काही चालत नाही. पुष्कळ मुली तीच बाटली अर्धी संपवतात, कंटाळतात आणि मग ब्लेड घेतात.

घरी करायचं तर सकाळी किंवा दुपारी, उजेडात, खिडकीपाशी किंवा पडवीत बसून करावं. नखं लांब असतील तर आधी कापून घ्यावीत. मग १८० नंबरच्या फाइलने जेलचा वरचा चमकदार थर हलक्या हाताने घासावा. चमक गेली की थांबायचं, कारण ॲसिटोन आत शिरायला तेवढं पुरतं. रंग संपेपर्यंत घासत बसलं की खालचं नखही घासलं जातं. मांडीवर जुनं फडकं घ्यावं आणि नाकाला ओढणी बांधावी, कारण ती भुकटी श्वासात जायला नको. नंतर नखाभोवतीच्या कातडीला खोबरेल किंवा व्हॅसलीन लावावं. नखावर मात्र ते लागू देऊ नये, नाहीतर ॲसिटोनला वाटच मिळत नाही. नखाएवढाच कापसाचा तुकडा ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवायचा आणि चपात्या गुंडाळायच्या फॉइलचा तुकडा बोटाच्या टोकाला घट्ट गुंडाळायचा. संपूर्ण बोट वाटीत बुडवून बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कातडी कमी कोरडी पडते.

घरी एकटी असाल तर एका वेळी एकच हात करा. दोन्ही हातांना टोप्या घालून बसलेल्या बाईला दाराची कडी काढता येत नाही आणि बाटली लवंडली तर ती उचलताही येत नाही.

दहा मिनिटांनी एकच बोट उघडून बघायचं. जेलच्या कडा उचलल्या असतील आणि रंग सुरकुतला असेल तर लाकडी काडीने मुळाकडून टोकाकडे हळूच ढकलायचं. साय बाजूला होते तसं ते सरकायला हवं. अडलं, तर तिथेच थांबून त्याच बोटाला पुन्हा पाच मिनिटं गुंडाळायचं. ब्लेड, सुरी, आडाळ्याचं (विळीचं) टोक, दात, यांतलं काहीही नको. शेवटी साबणाने हात धुवून खोबरेल चोळायचं आणि पुढचे काही दिवस सकाळ-रात्र चोळत राहायचं. लगेच दुसऱ्या दिवशी नवीन जेल लावायची घाई करू नये. आणखी एक गोष्ट, नखं वाढवण्यासाठी जे हार्ड जेल लावतात ते ॲसिटोनने सुटतच नाही, फाइलनेच उतरवावं लागतं. ते घरी करायला जाऊ नका. आपल्या नखावर नेमकं काय लावलंय हे लावणाऱ्या बाईला त्याच दिवशी विचारून ठेवा.

आता ज्यासाठी मी खरं तर पेन हातात घेतलं ती गोष्ट. दोन महिन्यांपूर्वी देवबागला माझ्या मावसबहिणीकडे गेले होते. स्वयंपाकघरात शिरले तर तिच्या मुलीने गॅसवर टोपात पाणी ठेवलेलं आणि त्यात ॲसिटोनची वाटी. ॲसिटोन कोमट केलं की जेल पटकन सुटतं, असं तिने मोबाइलवर पाहिलं होतं. ज्योत वाटीपासून वीतभर अंतरावर. मी गॅस बंद केला, वाटी उचलून मागच्या दारी नेली, आणि मग माझे हात थरथरायला लागले. मुलीला काहीच कळेना. तिला ते पाण्यासारखं दिसत होतं.

ॲसिटोन पाण्यासारखं दिसतं, पण उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासही त्याची पेट घेण्याइतकी वाफ होते. आपल्याकडे भर पावसाळ्यातही घरात २७-२८ अंश असतात. त्याची वाफ हवेच्या दुप्पट जड असते. ती वर निघून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाची ज्योतही गाठू शकते. आता आपलं चतुर्थीतलं घर डोळ्यांपुढे आणा. गणपतीपुढे समई तेवतेय, निरांजन आहे, उदबत्ती आहे, संध्याकाळ झाली की पडवीत खुर्चीखाली डासांची कॉइल, मागे न्हाणीची चूल धगधगतेय. अशा घरात माजघरात फतकल मारून ॲसिटोनची बाटली उघडी ठेवून बसणं म्हणजे काय, ते मला वेगळं सांगायला नको. उब द्यायचीच असेल तर फॉइल गुंडाळलेल्या हातावर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल ठेवा. ॲसिटोन मात्र कधीही गरम करायचं नाही, गॅसवर नाही आणि मायक्रोवेव्हमध्येही नाही. हवं तेवढंच वाटीत काढा, बाटलीचं झाकण लगेच लावा, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. वाटी स्टीलची किंवा काचेची घ्या आणि पॉलिश केलेल्या टेबलावर ठेवू नका, पॉलिश उठतं. वापरलेला कापूस चुलीत टाकायची आपल्याकडे सवय आहे. तो आधी बाहेर मोकळ्या हवेत पूर्ण वाळू द्या, मग कचऱ्यात टाका. चुलीत नकोच.

बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या मुलींच्या आयांनी एवढं लक्षात ठेवावं. ऑपरेशनच्या वेळी बोटाला जो चिमटा लावतात तो नखातून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतो, आणि नखावरच्या रंगामुळे त्याचा आकडा चुकू शकतो. नखाचा मूळ रंगही डॉक्टरांना दिसावा लागतो. म्हणून रंग काढून यायला सांगतात. दोन वर्षांपूर्वी एका मुलीचं सिझर ठरलं होतं आणि तिच्या हातापायांना गडद मरून जेल. तिची आई दवाखान्याच्या व्हरांड्यात ब्लेडने खरवडत बसली होती, मुलीच्या बोटातून रक्त आलं तेव्हा मला फोन आला. मी सामान घेऊन गेले. सिस्टर म्हणाल्या, निदान दोन बोटं मोकळी करून द्या, पण वॉर्डात ही बाटली उघडायची नाही, आत ऑक्सिजन आहे. अगदी बरोबर बोलल्या त्या. आम्ही बाहेर आंब्याच्या पारावर बसून पाच बोटं मोकळी केली. त्या मुलीचं सगळं नीट झालं. पण आठवा महिना लागला की शांतपणे घरी बसून हे काम उरकून घ्यायला हवं होतं.

ज्यांचे हात दिवसभर पाण्यात असतात त्यांनी जास्त जपावं. मासळी साफ करणाऱ्या, सुंगटं (कोळंबी) सोलणाऱ्या बायका हल्ली हौसेने जेल लावतात, लावावं, त्यांनी का लावू नये? पण जेल एका कडेने सुटलं की त्याखाली पाणी अडतं आणि तिथे स्यूडोमोनास नावाचे जिवाणू वाढून नख हिरवट होतं. तो रंगाचा डाग समजून वरून दुसरं जेल लावू नका. सगळं उतरवा आणि डॉक्टरांना दाखवा. तसंच बोटांना खाज येणं, टोकाशी पुरळ उठणं ही जेलमधल्या ॲक्रिलेट या रसायनांची ॲलर्जी असू शकते. ती एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. यातलं हेमा नावाचं रसायन असलेली नखांची उत्पादनं युरोपीय संघाने २०२० च्या नियमाने फक्त व्यावसायिक वापरापुरती ठेवली आहेत. आपल्याकडे तर घरी लावायचे जेलचे संच दिव्यासकट ऑनलाइन येतात आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुली ते जेल कातडीवर सांडवत लावतात.

माझ्या व्यवसायभगिनींना एक विनंती. जेल लावायचे पैसे सांगताना काढायचेही त्याच वेळी सांगा. मी आता दोन्ही एकत्रच घेते. गिऱ्हाइकाला काढायचे वेगळे पैसे जड वाटतात म्हणून ते घरी ओरबाडतं. जी मुंबईला किंवा गोव्याला परत जाणार आहे आणि माझ्याकडे येऊ शकणार नाही, तिला मी लाकडी काडी, फाइलचा तुकडा आणि कागदावर मराठीत लिहिलेली कृती देते.

आणि आपल्याला विनंती अशी की, पुरवणीच्या एका कोपऱ्यात जेल काढायची कृती छापावी आणि तिच्यात विस्तवाबद्दलची ओळ ठळक अक्षरांत असावी. चतुर्थीच्या आधीच्या रविवारी छापलीत तर उत्तम. कोकणकन्येत बसायच्या आदल्या दिवशी मुली जेल लावून घेतात, त्याआधी ती त्यांच्या हाती पडेल.

आपली नम्र वाचक,
एक ब्यूटी पार्लर चालक, मालवण
(नाव छापू नये, ही विनंती.)