वैतरणेच्या काठी मुक्कामाची जागा

नाशिक,
५ डिसेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबतची छायाचित्रे मिळाली. नानांचा ओढा वैतरणेकडे, मुलांचा भंडारदऱ्याकडे आणि तुझा, गाडी कमी चालवावी लागेल म्हणून, गिरणारेच्या पुढच्या काश्यपी धरणाकडे. असा तिहेरी पेच तू माझ्यापुढे ठेवला आहेस. प्रश्न एका रात्रीच्या मुक्कामाचाच आहे, परंतु नानांसारखा ऐंशीच्या घरातला माणूस जानेवारीच्या थंडीत तंबूत झोपणार आहे, आणि ज्या धरणाच्या कामावर त्याने उमेदीची वर्षे काढली त्याच्या काठी झोपावे अशी त्याची इच्छा आहे, हे कळल्यावर मला घरबसल्या उत्तर देववेना. गेले तीन रविवार मी त्यासाठी घातले. तिन्ही ठिकाणी दिवस मावळताना जाऊन आलो आणि वैतरणेवर तर रात्रभर राहिलो.

तू पाठवलेल्या छायाचित्रांविषयी आधी बोलतो, कारण माझे सगळे म्हणणे तेथूनच सुरू होते. तिन्ही छायाचित्रांत तंबूंची रांग पाण्याला अगदी खेटून आहे आणि मागे सूर्य मावळतो आहे. ती वेळ फार तर अर्ध्या तासाची. त्यानंतर पहाटेपर्यंतचे दहा-अकरा तास त्या जागेवर काय होते, हे छायाचित्रात येत नाही, आणि जागा निवडायची ती त्या तासांसाठी. मी हे ठासून लिहितो, कारण मी त्याची किंमत मोजली आहे.

नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, निफाडकडच्या द्राक्षबागा झोडपल्या गेल्या, ते तुला आठवत असेल. त्या रात्री आम्ही एका जलाशयाच्या काठी होतो. ज्यांच्याकडे आम्ही उतरलो होतो त्यांनी तंबू एका लवणात लावले होते. जागा सपाट, मऊ, गवताळ आणि पाण्यापासून दहा पावलांवर. दुपारी पाहताना तिच्याइतकी सोयीची जागा दुसरी नसेल असेच वाटले. पाऊस सुरू झाल्यावर मात्र कळले, की ती जागा सपाट होती ती वरच्या टेकाडावरून वाहून आलेला गाळ वर्षानुवर्षे तेथे साचल्यामुळे, आणि ज्या वाटेने गाळ आला त्याच वाटेने पाणीही येणार होते. अर्ध्या तासात गाद्या भिजल्या. सासूबाईंना घेऊन आम्ही काळ्या मातीच्या चिखलातून गाडीपर्यंत गेलो. पायाला चिकटलेल्या मातीने एकेक पाऊल जड झाले होते. त्या पुढे पंधरा दिवस खोकत होत्या, आणि त्यांना आग्रहाने नेणारा मी होतो, ही गोष्ट माझ्या मनातून आजही जात नाही.

म्हणून पहिली गोष्ट, जागा उंचावर हवी. जानेवारीत पाऊस बहुधा येणार नाही, हे तुझे म्हणणे मान्य आहे. पण थंडीलाही हाच नियम लागू पडतो. थंड हवा जड असते. सूर्य मावळला की ती डोंगरउतारावरून ओहोळाओहोळाने पाण्यासारखी खाली उतरते आणि खोलगट भागात साचून राहते. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत दरवर्षी निफाडचे नाव आपण वाचतो, त्यावरून आपल्या जिल्ह्याची थंडी कशी असते ते तुला वेगळे सांगायला नको. जलाशयाचे पाणी दिवसाची ऊब धरून ठेवते हे खरे आहे, परंतु ती ऊब अगदी पाण्यालगतच जाणवते, आणि जानेवारीपर्यंत पाणी काठापासून मागे सरकू लागलेले असते. मधल्या ओल्या पट्ट्यावर पहाटे धुके बसते आणि तंबूचे कापड आतूनबाहेरून निथळते. तीस-चाळीस फूट वर चढून गेले, की त्याच पहाटे पांघरूण कोरडे राहते. वैतरणेवर मी रात्री दोन वाजता मुद्दाम खाली पाण्यापर्यंत जाऊन आलो. उतरताना एका ठिकाणी गारवा असा अंगावर आला, की पायरी ओलांडून थंड कोठीत शिरावे तसे वाटले, आणि परत वर येताना त्याच ठिकाणी तो सुटला.

दुसरी गोष्ट पाण्याच्या रेषेची. आपण नाशिककर गोदावरीचा पूर तिच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजत लहानाचे मोठे झालो. १९६९ च्या पुराच्या गोष्टी ऐकल्या आणि २००८ चा स्वतः पाहिला. जलाशयाच्या काठी असा मारुती नसतो, पण खूण असते. काठावर एका पातळीत अडकलेल्या काटक्या, वाळलेले शेवाळ, थर्माकोलचे तुकडे आणि बाटल्या यांची एक आडवी रेघ दिसते. धरण पूर्ण भरले तेव्हा पाणी तेथवर होते. त्या रेघेच्या खालची जमीन कितीही कोरडी दिसली, तरी वरच्या पापुद्र्याखाली ती ओलीच असते. शेतकरी तीत गाळपेर करतात, आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पिकाशेजारी गाडी उभी करणे हे त्यांच्या दृष्टीनेही बरे नव्हे. तू निवडलेल्या काश्यपीच्या जागेत सगळे तंबू या रेघेच्या खाली होते. जागा नाशिकपासून जवळ आहे, रस्ता चांगला आहे, मुलांना तेथे आवडेलही. पण वर चढून जावे तर सगळीकडे शेतीचे बांध आणि झाड नावाला नाही, त्यामुळे मी ती सोडून दिली.

भंडारदऱ्याविषयी थोडक्यात लिहितो. मुलांनी तो धरला आहे काजव्यांसाठी, असे वहिनींनी फोनवर सांगितले. काजवे साधारण मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत, पावसाच्या तोंडाशी दिसतात. जानेवारीत मुलांना अंधारच दिसेल. ते त्यांना आताच समजावून सांग, म्हणजे तेथे जाऊन हिरमोड होणार नाही. ठिकाण सुंदर आहे यात शंका नाही. प्रवरेवरचे ते धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि तलावाला वळसा घालून रतनवाडीकडे जाणारा रस्ता मला अजूनही आपल्या भागातल्या उत्तम रस्त्यांपैकी एक वाटतो. परंतु शनिवार-रविवारी काठावर तंबूंची इतकी दाटी होते, की एका तंबूतले गाणे दुसऱ्याला रात्री उशिरापर्यंत ऐकावे लागते. नानांना ते सोसणार नाही. मुलांना जूनमध्ये आपण दोघे मिळून घेऊन जाऊ, हे मी कबूल करतो.

आता वैतरणा. नानांचे काम १९७३ च्या आधीचे, म्हणजे ऊर्ध्व वैतरणा पूर्ण होत आलेले असतानाचे. ते धरण पाहताना मला दरवेळी वाटते, की आपल्या भूगोलातली ही केवढी नवलाची गोष्ट आहे. त्र्यंबकच्या डोंगराच्या एका अंगाला पडलेला पाऊस गोदावरीने पार बंगालच्या उपसागरापर्यंत जातो, आणि त्याच डोंगरांतून निघालेली वैतरणा पश्चिमेला वळून अरबी समुद्र गाठते. वैतरणा आणि आळवंडी या दोन नद्यांवर बांध घालून हा एकच विस्तीर्ण जलाशय झाला आहे. त्यातले पाणी वीज निर्माण करून खाली मोडकसागर धरणाला मिळते आणि तेथून मुंबईच्या नळांना जाते. नानांनी हे सगळे तुला शंभरदा सांगितले असेल. या खेपेला मुलांना पाण्याकडे बोट दाखवून सांगू देत.

जलाशयाचा काठ सगळीकडे सारखा नाही. काही ठिकाणी जमीन हळूहळू पाण्यात उतरते, तर काही ठिकाणी काळ्या पाषाणाचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक उभे आहेत आणि त्यांच्या माथ्यावर झाडी आहे. सह्याद्रीतला हा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्या कठीण आणि ठिसूळ थरांची झीज कमीजास्त झाल्यामुळेच हे कडे आणि त्यांमधली सपाटी तयार झाली. अशाच एका सपाटीवर, आळवंडीच्या बाजूला, एका शेतकऱ्याच्या मालकीचा माळ आहे. तोच मी पक्का केला आहे. पाण्यापासून तो चाळीस-पन्नास फूट वर असेल. जमीन मुरमाड आहे, त्यामुळे पाणी मुरते आणि चिखल होत नाही. मात्र मुरमात तंबूच्या खुंट्या चार बोटांच्या पुढे जात नाहीत, म्हणून दोर मोठ्या दगडांना बांधावे लागतात. ते दगड उचलताना मुलांना हात लावू देऊ नकोस. दगडाखाली विंचू असतो, आणि या खडकाळ भागात फुरसेही असते. काठीने दगड उलटायचा, मग उचलायचा, एवढे मी स्वतः करीन.

झाडांविषयी मी त्या शेतकऱ्याशी बराच वेळ बोललो. माळाच्या मागे ऐन, हिरडा आणि जांभूळ यांची चांगली रांग आहे आणि ती उत्तर-पूर्वेकडून येणारा वारा अडवते. पहिल्यांदा मला वाटले, की तंबू थेट त्या झाडांखालीच लावावेत. शेतकऱ्याने मान हलवली आणि मला एका ऐनाची वाळलेली फांदी दाखवली. अशी फांदी वारा नसतानाही पडते, असे तो म्हणाला. मग आम्ही झाडांपासून त्यांच्या उंचीइतके अंतर मोजून जागा आखली. वारा अडतो आणि डोक्यावर काही राहत नाही. एका बाजूच्या कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ आहे, हेही त्यानेच दाखवले. धूर तिकडे गेला तर त्या माश्या उठतात आणि मग पळायला जागा उरत नाही, म्हणून चूल मोहोळाच्या विरुद्ध टोकाला, वाऱ्याची दिशा पाहून मांडायची. हे त्याने सांगितले नसते तर मला कधीच दिसले नसते, आणि यापुढे कोठेही मुक्काम करायचा झाला तर मी कडे आणि उंच झाडे आधी नीट न्याहाळीन.

माळाच्या वरच्या अंगाला एक लहान देवराई आहे. मुलांना तेथे शांतपणे जाऊन येऊ दे, परंतु तिच्यातून काटकीही आणायची नाही, असा गावाचा दंडक आहे आणि तो आपण पाळायचा. जळण शेतकरी देणार आहे. त्यापलीकडची जमीन वनखात्याची आहे. राखीव वनात विस्तव पेटवण्याला १९२७ च्या वन कायद्याने मनाई आहे, आणि कायदा नसता तरी जानेवारीत वाळलेल्या गवतापाशी ठिणगी जाऊ देणे म्हणजे वणव्याला बोलावणे आहे. आपली चूल शेतकऱ्याच्या आवारात, दगडांच्या आळ्यात आणि शेजारी दोन बादल्या पाणी ठेवूनच पेटेल.

बिबट्याबद्दल वहिनींनी काळजीने विचारले होते. दारणाकाठच्या उसात त्याचा वावर असतो, आणि इकडच्या डोंगरांतही तो आहेच, हे लपवण्यात अर्थ नाही. उरलेले अन्न बाहेर टाकायचे नाही, कारण त्याने कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. लहान मुलांनी अंधारात एकट्याने लांब जायचे नाही. तंबूंच्या कडेला रात्रभर एक कंदील जळत ठेवायचा. शेतकऱ्याचे घर हाकेच्या अंतरावर आहे, हा मला सर्वांत मोठा आधार वाटतो.

नानांसाठी मी तंबूचा विचारच अर्धा सोडला आहे. शेतकऱ्याच्या घराची ओसरी माळाच्या टोकालाच आहे आणि तेथून तलाव पूर्ण दिसतो. नानांनी रात्री दहापर्यंत आपल्याबरोबर बाहेर बसावे, मग वाटले तर तंबूत आणि नाही तर ओसरीवर झोपावे. दोन्हीकडे खाट ठेवायची, कारण जमिनीवरून उठताना त्यांचे गुडघे त्यांना त्रास देतात. तंबूपासून शौचालयापर्यंतची वाट मी अंधारात बॅटरी घेऊन चालून पाहिली. ती सरळ आहे, कड्याच्या विरुद्ध बाजूला जाते आणि मधे एकही पायरी नाही. गाडी थेट माळापर्यंत जाते. दुखण्याखुपण्याची वेळ आलीच, तर घोटीकडे जाणारा रस्ता रात्रीही चालता असतो, आणि १०८ ला फोन करण्याइतकी रेंज ओसरीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात मिळते, ते मी करून पाहिले आहे.

पुण्याहून तू सिन्नरवरून परस्पर घोटीकडे वळू शकतोस, परंतु एका दिवसात इतका प्रवास आणि वर थंडी हे नानांना जड जाईल. शुक्रवारी रात्री आमच्याकडे उतरा. शनिवारी जेवण करून दुपारी निघू, म्हणजे चारच्या सुमारास पोहोचून उजेडात सगळे लावून होईल. येताना गोधड्या आण. इकडच्या थंडीत त्यांच्याइतके काही उपयोगी पडत नाही. नानांची कानटोपी आणि त्यांची नेहमीची काठी विसरू नकोस. बाकी भांडी, खाटा आणि शिधा मी पाहतो.

शेतकऱ्याला जानेवारीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारांपैकी एक दिवस या रविवारपर्यंत कळवायचा आहे, कारण त्यानंतर त्याच्याकडे घरचे कार्य आहे. नानांना विचारून कोणता शनिवार ते कळव. त्यांनी जर धरणाच्या कामाच्या वेळच्या वसाहतीची जागाही पाहायची म्हटली, तर तसेही लिही, म्हणजे रविवारी सकाळी परत निघण्याआधी तिकडे जाण्याचा वेळ मी धरून ठेवीन.

नानांना आणि काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शाळेपासूनचा मित्र