निबंधाची दुसरी प्रत लिहून घ्यावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दहावीची परीक्षा जवळ आली की मराठीत गुण कसे मिळवावेत याविषयीची सदरे वृत्तपत्रांतून सुरू होतात आणि त्यांत निबंधाच्या वाट्याला ठरलेल्या चार सूचना येतात: सुरुवात आकर्षक करावी, मध्ये सुविचार पेरावेत, हस्ताक्षर नेटके ठेवावे, शेवट परिणामकारक साधावा. बत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका या नात्याने मी त्यांना नावे ठेवू शकत नाही, कारण त्या मीही वर्षानुवर्षे वर्गात दिल्या आहेत. परंतु निबंधाचा सराव म्हणून आपल्या शाळांतून जे चालते त्यात लेखन फार थोडे आणि पाठांतर फार मोठे असते. तो सराव कसा बदलता येईल, याविषयी अनुभवाने पटलेली एक गोष्ट आपल्या वाचकांपुढे, विशेषतः शिक्षक आणि पालकांपुढे, मांडावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दहावीच्या मराठी प्रथमभाषेच्या कृतिपत्रिकेत आता 'निबंध' हा शब्द शोधावा लागतो. 80 गुणांच्या लेखी परीक्षेत उपयोजित लेखनाला 24 गुण आहेत आणि त्यांपैकी 8 गुणांसाठी प्रसंगलेखन, आत्मकथन व वैचारिक लेखन यांतील एक कृती सोडवायची असते. विषयासोबत चौकटीत काही मुद्दे दिलेले असतात. मुलाला लिहायला धीर यावा हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. प्रत्यक्षात मात्र त्या मुद्द्यांचे खण होतात आणि मूल प्रत्येक खणात पाठ केलेली दोन-दोन वाक्ये भरून मोकळे होते. झाड बोलू लागले की ते प्राणवायू देते, सावली देते आणि शेवटी कुऱ्हाडीविषयी खंत व्यक्त करते. शेतकरी बोलू लागला की तो 'बळीराजा' आणि 'जगाचा पोशिंदा' असतो. उत्तरपत्रिका तपासताना गठ्ठ्यातल्या पंधराव्या वहीपासून पुढचे वाक्य डोळ्यांआधी मनात उमटू लागते, हे परीक्षक म्हणून काम केलेल्या कोणत्याही शिक्षकाने कबूल करावे.

याचा दोष मुलांना देणे अन्यायाचे आहे, कारण आपण त्यांच्याकडून सराव करून घेतो तोच मुळी नकलेचा. शिक्षक फळ्यावर निबंध लिहून देतात किंवा मार्गदर्शक पुस्तकातला वाचून दाखवतात, मुले तो वहीत उतरवतात, शिक्षक खाली सही करून तारीख घालतात आणि चाचणीत तोच विषय येतो. आता मोबाईलवर अर्ध्या मिनिटात कोणत्याही विषयावर गुळगुळीत मजकूर मिळू लागल्यापासून फळ्याचीही गरज उरलेली नाही. घरून लिहून आणलेला निबंध नेमका कोणी लिहिला, हे शोधण्यात शिक्षकाने वेळ घालवू नये. निबंध वर्गातच, डोळ्यांसमोर, हाताने लिहून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर शिक्षकबंधूभगिनी जे उत्तर देतील ते मला ठाऊक आहे, कारण तेच मी दिले असते: तपासायचे कोणी आणि कधी? हिशेब सोपा आहे. साठ-साठ मुलांच्या दोन तुकड्या म्हणजे 120 वह्या. एका निबंधाला पाचच मिनिटे दिली तरी 600 मिनिटे, म्हणजे पूर्ण दहा तास लागतात, आणि हे एका विषयाचे झाले. मग वर्षभरात पंचवीस निबंध 'झाले पाहिजेत' असा आग्रह असेल, तर शिक्षक फक्त सही करणार, यात नवल ते काय? माझ्या नोकरीतल्या पहिल्या दहा-बारा वर्षांतल्या वह्या कोणी आज काढल्या, तर त्यांत 'छान', 'अक्षर सुधारा' आणि 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्या' या तीन शेऱ्यांपलीकडे माझे काही सापडणार नाही.

मला वाट दाखवली ती नववीतल्या एका मुलाने. 'मी शेतकरी बोलतोय' या विषयावर त्याने पाठातला बळीराजा जसाच्या तसा उतरवला होता. त्याचे वडील आमच्या भागातल्या एका गुऱ्हाळावर गुळवे, म्हणजे गूळ तयार करणारे कारागीर, होते, हे मला माहीत होते. मी समासात एवढेच विचारले, "गूळ तयार झाला हे तुझ्या वडिलांना कसे कळते?" आणि त्याला त्याच वहीत पुन्हा लिहायला सांगितले. दुसऱ्या प्रतीत बळीराजा नव्हता. चुलवाणात, म्हणजे रस उकळण्याच्या मोठ्या चुलीत, उसाचे चिपाड सारणारी माणसे होती, रस उकळू लागला की भेंडीचे बुळबुळीत पाणी घालून मळी वर आणणे होते, काहिलीतला पाक थोडासा गार पाण्यात सोडून त्याची गोळी होते का हे चाचपणारी वडिलांची बोटे होती, आणि ढेप उत्तम निघाली तरी त्या दिवशी बाजारात भाव पडलेला होता. शुद्धलेखनाच्या चुका दोन्ही प्रतींत सारख्याच होत्या. पण पहिल्या प्रतीला शेवट शोधावा लागला होता, दुसरीचा शेवट भावाबरोबर आपसूक आला. या मुलाच्या आधी एका मुलीच्या वहीत मी 'चुलवाण' हा शब्द तांबड्या शाईने खोडून त्या जागी 'भट्टी' लिहिला होता. त्याची आजही लाज वाटते.

त्यानंतर मी विषय पंचवीसवरून सहावर आणले आणि प्रत्येकाच्या दोन प्रती लिहून घेऊ लागले. पहिली प्रत पस्तीस मिनिटांच्या तासिकेत, तिला गुण नाहीत. प्रत्येक आठवड्याला प्रत्येक तुकडीतल्या पंधराच वह्या मी घरी नेत असे, त्यामुळे चार आठवड्यांत प्रत्येक मुलाची वही एकदा नीट वाचून होई. एकूण तीस वह्या, प्रत्येकीला दहा मिनिटे, म्हणजे आठवड्याला पाच तास. जमण्यासारखे काम होते. समासात शेरा लिहायचा नाही, दोन प्रश्न लिहायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. "हे तू कुठे पाहिलेस?" "कोण म्हणाले, आणि कोणत्या शब्दांत?" "फार गर्दी म्हणजे किती माणसे?" उरलेल्या वह्या मुले एकमेकांच्या वाचत आणि न कळलेल्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारत. या रेघांनी मुलांच्या लेखनात जेवढा फरक पडला तेवढा माझ्या तांबड्या शाईने कधी पडला नव्हता, कारण आपले वाक्य बाकावरच्या मित्रालाच कळले नाही, हे मुलांना गुण कापण्यापेक्षा अधिक झोंबते.

वैचारिक निबंधाची गोष्ट याहून वेगळी असेल, तिथे अनुभव काय कामाचा, अशी शंका काही सहकारी घेत. त्यांना मी मुक्ता साळवे यांचे उदाहरण देत असे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली 'ज्ञानोदय' पत्रात दोन भागांत छापून आला. धर्माविषयीचा इतका थेट वाद त्या काळात मोठमोठ्या पंडितांनीही क्वचितच घातला असेल. वेद ज्यांना वाचायची मुभा नाही त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न ती देवालाच विचारते. पण त्याच निबंधात ती बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते आणि थंडी, वारा, पावसाने त्यांचे किती हाल होतात, हेही सांगते. विचार आणि पाहिलेले हाल यांच्यात तिने भिंत घातली नाही, आणि हे लिहिले तेव्हा तिचे शिक्षण अवघे तीन वर्षांचे होते. 'प्रदूषण: एक समस्या' हा विषय आपण नववी-दहावीच्या मुलांना देतो, तेव्हा शाळेमागच्या ओढ्याला कोणत्या महिन्यात कशाचा वास येतो, हे त्यांना विचारायला कोणती अडचण आहे, हे मला कळलेले नाही.

एवढा बदल शाळांनी स्वतःहून करावा अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे होईल, म्हणून एक व्यावहारिक सूचना करते. लेखी परीक्षेच्या 80 गुणांखेरीज अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण शाळेच्या हाती असतात. ते बहुतेक ठिकाणी सढळ हाताने वाटले जातात, हे उघड गुपित आहे. त्यांपैकी निदान 5 गुण निबंधाच्या दोन प्रतींतल्या फरकासाठी राखून ठेवावेत. दोन्ही प्रती वहीत समोरासमोर असल्या म्हणजे त्या गुणांचा हिशेब पालकांनाही दाखवता येतो. हुशार मुलाच्या पहिल्या प्रतीला मिळणाऱ्या कौतुकापेक्षा सामान्य मुलाने दुसऱ्या प्रतीत केलेल्या प्रगतीला इथे अधिक मोल मिळेल, आणि ते मिळायलाच हवे. यामुळे परीक्षेतले 8 गुण बुडतील ही पालकांची भीती मी समजू शकते; माझ्या वर्गांत तसे झाले नाही, आणि चौकटीतले मुद्दे पाहून आपले म्हणणे मांडायची सवय झालेल्या मुलाला अनोळखी विषयाची धास्ती उलट कमीच वाटते.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हापासून शाळाशाळांतून मराठीच्या थोरवीवर निबंधस्पर्धा होत आहेत. परीक्षक म्हणून मला दोनदा बोलावण्यात आले. दोन्ही वेळा बहुतेक सगळ्या निबंधांतली पहिली ओळ एकच होती.

शेवटी आपल्याकडे एक मागणी आहे. चौदा वर्षांच्या मुलीच्या निबंधाला 1855 साली एका मराठी नियतकालिकाने दोन अंकांत जागा दिली होती. आपण आठवड्यातून एकदा अर्धा स्तंभ आठवी ते दहावीच्या मुलांच्या निबंधांना द्यावा, शक्य असेल तर दोन्ही प्रती शेजारी-शेजारी छापाव्यात. जागेसाठी कात्री चालवावी लागेल हे मान्य आहे. ती चालवताना मुलांच्या बोलीतले शब्द तेवढे राहू द्यावेत, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
कराड