‘ठाऊक नाही’ म्हणणाऱ्या सरांना

सर,

सा. न. वि. वि. नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ‘सर’. नागपूरच्या महाल भागातल्या तुमच्या गल्लीत कोणालाही विचारलं तर संस्कृतचे सर म्हणजे कोण ते कळतंच. तुम्ही हे वाचाल की नाही कोण जाणे, पण तुमचे जुने विद्यार्थी नक्की वाचतील आणि तुम्हाला वाचून दाखवतील.

बाबा जानेवारीत गेले. त्याआधी सात महिने आमच्या घरात ऑक्सिजनचं मशीन चालू होतं. दिवसरात्र त्याची घरघर. ते परत गेलं त्या रात्रीपासून आई दोन वाजता उठून बसायला लागली. आवाज थांबला म्हणून जाग येते, म्हणायची. आणि तिचा प्रश्न एकच. “श्वास तर थांबला, मी पाहिलं. पण आतलं माणूस कुठं गेलं?”

हा प्रश्न घेऊन ती बरीच फिरली. तेरवीच्या गुरुजींनी एक डोळा मोबाइलवर ठेवून अर्ध्या मिनिटात सांगितलं, “वर गेले, सुटले.” एका मोठ्या प्रवचनकारांकडे गेलो. मंगल कार्यालय भरलेलं, पाच स्पीकर, गळ्यात पट्टा अडकवलेले स्वयंसेवक. दीड तास रांगेत उभं राहून आईनं विचारलं. महाराजांनी डोळे मिटले आणि म्हणाले, अतृप्ती दिसते, आत्मा घरातच घुटमळतोय. मागच्या टेबलावर विधीचा दर छापलेला होता. त्यानंतर तीन रात्री आई झोपलीच नाही. बाबांच्या खोलीचा लाइट चालू ठेवायची, त्यांना अंधारात नको म्हणून. एक नातेवाईक तर घरी येऊन, चहा पिऊन, ‘कर्माची फळं’ असं सांगून गेले. ज्यांचा जन्म दुसऱ्याच्या पैशानं पानठेल्यावर गेला, त्यांनी हे सांगावं!

सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, सर. हीच तर गंमत.

तुमच्यापर्यंत कसे पोहोचलो ते लांबण आहे, सोडा. एप्रिलची दुपार, तोंडाला दुपट्टा बांधून मी गाडी चालवतेय, मागे आई. तुमच्या खोलीत कूलरचा ओला वास, कोपऱ्यात माठ. आईनं बसायच्या आधीच प्रश्न टाकला. तुम्ही पुस्तक मिटलंत. चष्मा काढून पंच्याच्या टोकानं पुसलात, बराच वेळ पुसलात. मला वाटलं, आता श्लोक येणार. तुम्ही म्हणालात, “ताई, मला ठाऊक नाही.”

आणि थांबलात. पुढे ‘पण’ नव्हतं. थोड्या वेळानं विचारलंत, “शेवटी श्वास कसा चालला होता त्यांचा? तुम्ही होत्या ना जवळ?”

तोपर्यंत हे आईला कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. ती पाऊण तास बोलली. शेवटी शेवटी श्वासांमधली जागा कशी लांबत गेली, ती मनात आकडे मोजत होती, एकोणीसपर्यंत मोजले आणि पुढचा आलाच नाही. हे एकोणीस मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तुम्ही मध्ये एकदाच उठलात, कूलर बंद करायला. तिचा आवाज त्यात बुडत होता म्हणून. बाहेर पारा चव्वेचाळीसच्या वर असेल. घामानं तुमचा सदरा पाठीला चिकटला होता आणि तुम्ही तसेच बसून ऐकत होतात.

आभार मानायचे आहेत ते मुख्यतः या कूलरच्या बटणाचे.

बाकीचं मग हळूहळू आलं. निघताना तुम्ही म्हणालात, “पोथीत काय लिहिलंय ते सांगू शकतो. मला काय ठाऊक आहे ते वेगळं. चालत असेल तर रविवारी या.” आणि अथर्ववेदातलं प्रश्नोपनिषद काढलंत. सहा जण हातात समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे जातात. ऋषी म्हणतात, आधी वर्षभर इथं राहा, तपानं, ब्रह्मचर्यानं, श्रद्धेनं. मग हवं ते विचारा, ‘यदि विज्ञास्यामः’, आम्हाला ठाऊक असेल तर सगळं सांगू. तुम्ही त्या ‘यदि’वर बोट ठेवलंत. आई म्हणाली, “म्हणजे ऋषीसुद्धा जर म्हणून राहिले?” तुम्ही म्हणालात, “हो ना. आणि वर्ष थांबा म्हणतात. तुमचंही वर्ष व्हायचंय अजून.”

त्या सहांतला सुकेशा भारद्वाज माझा आवडता. कोसलचा राजपुत्र हिरण्यनाभ रथातून येतो आणि त्याला सोळा कलांचा, म्हणजे सोळा अंशांचा, पुरुष कोण ते विचारतो. सुकेशा म्हणतो, मला ठाऊक नाही. खोटं बोलणारा मुळासकट वाळून जातो, म्हणून खोटं सांगवत नाही. राजपुत्र काही न बोलता रथात चढून निघून जातो. आणि हा तोच न सुटलेला प्रश्न घेऊन पिप्पलादांकडे येतो. तुम्ही हे सांगत होतात तेव्हा त्या मंगल कार्यालयातले महाराज माझ्या डोळ्यासमोर मुळासकट वाळत होते. ऋषींना असला राग चालला नसता, मला चालतो.

दुसरा प्रश्न विचारणारा भार्गव तर वैदर्भि, आपल्या विदर्भातला! शरीराला धरून ठेवणाऱ्यांत थोर कोण, हे त्याला हवं होतं. वाणी, मन, डोळे, कान सगळे ‘आम्हीच धरून ठेवतो’ म्हणून फुशारक्या मारतात. मग प्राण जरा वर उठल्यासारखं करतो आणि सगळ्यांना उठावं लागतं, तो बसला की सगळे बसतात. मोहोळातला राजा उडाला की माश्या उडतात, तसं. इथं आईनं तुम्हाला अडवलं. तिचं माहेर रामटेकजवळचं, आग्या मोहोळ तिनं लहानपणापासून पाहिलेलं. “राजा नाही जी, राणीमाशी असते.” तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. “ऋषींपेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक,” म्हणालात, आणि पेन्सिलीनं समासात ‘राणी’ लिहिलंत. चार महिन्यांत आई तेव्हा पहिल्यांदा हसली.

मग रामटेकवरून निघालंच. अगस्त्यांचा आश्रम तिथं होता असं परंपरा सांगते हे आईला माहीत होतं. पण त्यांची बायको लोपामुद्रा महाभारतात विदर्भाच्या राजाची मुलगी आहे, हे नव्हतं. आणि ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात तिचं स्वतःचं बोलणं आहे, किती शरद ऋतू रात्रंदिवस राबून थकले, म्हातारपण देहाची कांती नेतं, असं ती त्या तपस्व्याला तोंडावर सुनावते, हे ऐकून आई म्हणाली, “बरं केलं बाईनं.” गाडीवर घरी जाताना मला म्हणाली, “मीही तुझ्या बाबांना एकदा असंच बोलले होते. नंतर वाईट वाटलं होतं. आता नाही वाटत.” काय बोलली होती ते मी विचारलं नाही.

दक्षिणेचं पाकीट तुम्ही दोनदा परत केलंत. तिसऱ्या वेळी आई वाळकी पळसाची काडी घेऊन आली, समिधा म्हणून. पिशवीतून काढताना लाजत होती. तुम्ही ती दोन्ही हातांनी घेतलीत आणि वाचून झाल्यावर पुस्तकात खूण म्हणून ठेवलीत. पान फुगलं, पुठ्ठा नीट मिटेना, तरी ठेवलीत.

नागपुरात भली माणसं कमी नाहीत, सर. सिग्नलवर स्टँड वर नाही म्हणून ओरडून सांगणारी, उन्हात भरलेला माठ बाहेर ठेवणारी. पण दुःखात असलेल्या माणसासमोर आपलं ज्ञान खिशात ठेवणं, हे फार थोड्यांना जमतं. मला जमलं नव्हतं. मीही आईला नेटवरून वाचून काय काय सांगितलं होतंच की.

बाबांच्या खोलीचा लाइट आता रात्री बंद असतो. कोणी सांगितलं म्हणून नाही, एके रात्री आईनंच केला.

या रविवारी चौथा प्रश्न आहे ना? माणूस झोपला की आत कोण जागं असतं, तो. आई अजूनही दोनला उठते, त्यामुळे या विषयावर तिला बरंच बोलायचंय. तुम्ही जरा जास्त वेळ काढून ठेवा. कूलर मात्र चालू राहू द्या, ती मोठ्यानं बोलेन म्हणाली आहे.

तुमची,
गाडीवाली मुलगी