मुक्ताला, बारा फोटो मिळाल्यावर

मिरज,
रविवार, रात्री

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझं कुरिअर शुक्रवारी आलं. बाराही प्रिंट बाबांच्या टेबलावर मांडून ठेवलेत, शेजारी त्यांचं भिंग. दोन दिवस येता-जाता बघतेय. तू मुंबईत रात्री उशिरापर्यंत फोटो काढत हिंडतेस त्यावरून दिवाळीत बोलले, त्याबद्दल लिहायला बसले होते, पण आधी फोटोंचं लिहिते.

"तू फोटो बघतच नाहीस, मी किती वाजता घरी पोचले तेवढंच बघतेस," असं म्हणालीस. खरं आहे ते. पण एकवीस वर्षं मी या घरात निगेटिव्हवर पेन्सिल चालवलीय, लोकांच्या गालावरचे वण घालवलेत. बघायला मलाही येतं.

गिऱ्हाईक बसवताना चेहरा वळलाय त्या बाजूला बाबा जागा सोडायचे. नजरेला जायला वाट हवी, म्हणायचे. तू नेमकं उलट केलंस. बॅलार्ड इस्टेटमधली ती छत्रीवाली बाई अगदी डाव्या कडेला, चौकटीबाहेर निघालीच आहे, आणि मागे नुसता ओला फूटपाथ. आधी वाटलं, चुकलं पोरीचं. काल संध्याकाळी परत पाहिला तेव्हा पोटात कालवलं. बाई गेली आणि आपण त्या फूटपाथवर राहिलो, असं होतं. बाबा असते तर तासभर यावरच बोलले असते.

उजेडाचंही तसंच. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा लोक एवढे का चिडले, ते मला तेव्हा समजलं नव्हतं. तुझा तिसरा आणि चौथा फोटो शेजारी ठेवल्यावर समजलं. सोडियमच्या दिव्याखाली लाल साडीसुद्धा तपकिरी होते, माणूस भिंतीत मुरून जातो. पांढऱ्या दिव्याखाली तोच माणूस नुसता उभा असतो. एकटेपणा पिवळ्यात जास्त दिसतो. तू त्यासाठी जुन्या गल्ल्या शोधत हिंडतेस, हे कळतंय मला. कुठल्या गल्ल्या, ते विचारत नाही.

सातव्या फोटोमागे तू 'एकटा' लिहिलंयस. सीएसएमटीच्या बाकावरचा तो माणूस. भिंग घेऊन त्याच्या मांडीवरची डब्याची पिशवी बघ. जुन्या पँटच्या कापडाची आहे, खिसा उसवल्याची जागा दिसते. पिशवीचे बंद दोन्ही टोकांना फुली मारून शिवलेत, तेही निळ्या दोऱ्यानं, कारण तपकिरी संपला असेल. घरी कुणीतरी बसून शिवलीय ती. तो घरी पोचेपर्यंत ते माणूस जागं असणार. हे तुझ्या फोटोतच आहे, तूच टिपलंयस. मग 'एकटा' कशाला लिहायचं?

आणि फोटो काढल्यावर निदान मान हलवत जा. माणसाला कळलं पाहिजे की आपल्याला कुणी पाहिलं. लांबून काढायचं आणि निघून जायचं, हे बरं नाही. बाबा उरसातसुद्धा... जाऊ दे. शिकवायला लागले परत. राग मानू नकोस.

उरसावरून आठवलं. तू चार वर्षांची होतीस, दर्ग्याजवळच्या गर्दीत हात सुटला. शैलाआत्या रडायला लागली, मी तर तुझं नावही धड हाकारू शकत नव्हते. सापडलीस ती सतारमेकरांच्या गल्लीत, एका दुकानाच्या पायरीवर. वर टांगलेले तंबोऱ्याचे भोपळे बघत बसली होतीस, डोळ्यात टिपूस नाही. बाबांनी आधी त्यांचा याशिका कॅमेरा डोळ्यापुढे धरला, फोटो काढला आणि मग तुला उचललं. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तो फोटो तू पाहिलायस. एवढीशी पोर खालच्या कोपऱ्यात, वर सगळे भोपळे.

तू मागे मोबाइलवर हाँगकाँगचा फोटोग्राफर फॅन हो, त्याचा फोटो दाखवला होतास ना, १९५४ चा? मोठ्या भिंतीशी उभी ती मुलगी आणि तिच्याकडे सरकत आलेली तिरपी सावली. सावली त्यानं नंतर डार्करूममध्ये घातली, आणि मुलगी त्याच्या नात्यातली बहीण होती, त्यानंच तिथं उभी केलेली, असं तू सांगितलंस. मला तेव्हा किती हायसं वाटलं. सगळ्या जगाला ती एकटी दिसते आणि समोर तिचा भाऊ उभा असतो कॅमेरा घेऊन.

त्या छत्रीवालीच्या मागे तू होतीस. बाकावरच्या माणसासमोर तू होतीस. तुझ्यासमोर कोण असतं गं, शेवटच्या लोकलच्या वेळी?

बघ, तिथंच आले. लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

फोटो फार चांगले आलेत. कुलकर्णी काकूंना दाखवले, दादाला व्हिडिओ कॉलवर दाखवले. छत्रीवालीचा चौकटीला दिलाय, बाबांच्या फोटोशेजारी लावते. आवळ्याचा मोरंबा पाठवतेय, बरणी उभी ठेव.

तुझी,
आई

ता. क. अकराव्या फोटोत बंद दुकानाच्या काचेत तू आली आहेस. सवयीनं आधी डाग समजले मी तो, मग भिंग लावलं. कॅमेऱ्यामागे तोंड दिसत नाही, पण गळ्याची हाडं दिसतात. डबा लावलास का, ते कळव.